विश्वाची रचना आणि विश्वाचे प्रयोजन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ठाण्यातील एका व्याख्यानमालेत अलीकडेच या विषयावर लागोपाठ दोन व्याख्याने झाली. निसर्गातील स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतील न बदलणारी मूल्ये, इतके नेमके आहेत की विश्वामागे बुद्धिमान योजना मानल्यावाचून गत्यंतर नाही, असे प्रतिपादन पहिल्या वक्त्यांनी केले. विज्ञानाने ईश्वराचा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे, असे दुसऱ्यांनी ठासून सांगितले. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील काही येथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरांच्या बाबतीत मात्र ते साधलेले नाही.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून नवी मुंबईत रस्ते आणि पावसाळी पाण्याचा निचरा या कामांत माझी उमेदीची वर्षे गेली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या व्याख्यानांवर बराच वाद झाला. माझे म्हणणे साधे आहे. नोड, सेक्टर, रेल्वेमार्ग, होल्डिंग पॉन्ड हे सारे कोणीतरी आधी कागदावर आखले म्हणून प्रत्यक्षात आले. ग्रहांच्या कक्षांपासून सजीवाच्या पेशीपर्यंत त्याहून कितीतरी सूक्ष्म आखणी दिसते. तिला आखणारा कोणी नाही, हे अभियंत्याच्या बुद्धीला कसे पटावे? — एक वाचक, खारघर

उत्तर : आपला युक्तिवाद जुना आहे आणि त्याच्या पाठीशी मोठी माणसे उभी आहेत. मिथिलेचे नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) उदयनाचार्य यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी जे हेतू, म्हणजे अनुमानाचे आधार, दिले, त्यांत पहिला ‘कार्य’ हा आहे : घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार लागतो, पृथ्वी, अंकुर इत्यादीही कार्येच आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये माळरानावर सापडलेल्या घड्याळाचे उदाहरण घेऊन हेच अनुमान मांडले. आपण घट आणि घड्याळ यांच्या जागी शहर ठेवले आहे, इतकाच फरक.

आता शहराचेच पाहू. नवी मुंबई आखलेली आहे, हे आपल्याला कशावरून कळते? ती नीटनेटकी दिसते एवढ्यावरून नव्हे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आराखडे झाले, गावांच्या जमिनी संपादित झाल्या, आणि हे सारे कागदोपत्री आहे. शिवाय फारसे न आखता वाढलेली गावेही आपण पाहिलेली आहेत. तलाव, बाजारपेठ आणि खाडीचा धक्का यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या पसरत गेलेले जुने ठाणे हे तर अगदी शेजारचे उदाहरण. दोन्ही प्रकारची पुष्कळ गावे पाहिल्यामुळे कोणती खूण आखणीची आणि कोणती आपोआप झालेल्या वाढीची, हे आपल्याला ओळखता येते. विश्वाच्या बाबतीत ही सोय नाही. आपल्याला एकच विश्व ठाऊक आहे. ते घडताना कोणी पाहिलेले नाही, आणि आखलेले विश्व व न आखलेले विश्व शेजारी ठेवून ताडून पाहण्याची संधी कोणालाही मिळालेली नाही. डेव्हिड ह्यूम यांच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात हा आक्षेप आहे. त्याच्याही सुमारे अकराशे वर्षे आधी बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी तो वेगळ्या रीतीने घेतला होता : घट मातीचा आहे आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावरून मातीची प्रत्येक घडण कुंभाराची ठरत असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. साम्य कोठवर ताणावे याचा निर्णय अनुभवाने होतो, नुसत्या साम्याने होत नाही.

होल्डिंग पॉन्डचा उल्लेख आपण स्वतःच केला, हे बरे झाले. आपल्याला हे सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. सखल भागात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते या तळ्यांत थोपवून ठेवायचे आणि ओहोटीला सोडायचे, अशी ती योजना आहे. पुढे त्यांत गाळ साचला, त्या गाळात तिवरे वाढली, आणि आता गाळ काढायचा म्हटले तरी कांदळवनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत जातो. या शहराचा इतिहास ठाऊक नसलेला कोणी आज तेथे उभा राहिला, तर त्याला वाटेल की खाऱ्या पाण्याची नेमकी खोली आणि भरती-ओहोटीचे नेमके येणे-जाणे राखून हे तळे खास तिवरांसाठी बांधलेले आहे. त्याचे अर्धे म्हणणे खरे ठरेल. तळे कोणीतरी बांधले आहे. परंतु ते तिवरांसाठी बांधलेले नाही, तिवरांना ते मानवले आहे एवढेच. ‘हे कोणी रचले का’ आणि ‘हे कशासाठी रचले’ हे दोन प्रश्न असे वेगळे असतात, आणि व्याख्यानमालेतील पहिल्या वक्त्यांनी ते एकात एक गुंफून टाकले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

ग्रहांच्या कक्षांविषयी थोडक्यात. सर्व ग्रह जवळपास एकाच प्रतलात आणि एकाच दिशेने सूर्याभोवती फिरतात, ही व्यवस्था केवळ यांत्रिक कारणांनी झालेली नसून बुद्धिमान सत्तेच्या योजनेने झाली आहे, असे न्यूटन यांनी आपल्या मुख्य ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लिहिले. पुढे कांट यांनी १७५५ मध्ये आणि लाप्लास यांनी १७९६ मध्ये सुचवले की, फिरत्या वायुमेघापासून सूर्यमाला बनली असेल तर ही व्यवस्था आपोआपच येते. चिलीतील आल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये एच. एल. टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीच्या वायू व धुळीच्या तबकडीचे आणि तिच्यातील वलयांचे जे चित्र टिपले, त्यात ग्रह घडण्याची अशीच जागा दिसते. न्यूटन यांचे गणित आजही चालते. हा एक निष्कर्ष मात्र टिकला नाही.

प्रश्न : मी ऐरोलीत माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. खाडीवर मुलांना रोहित पक्षी दाखवायला नेले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, पाणी गाळण्यासाठीच बनवल्यासारखी चोच आणि चिखलातून वर आलेली तिवराची मुळे ही योगायोगाने कशी होतील? शाळेत उत्क्रांती आणि ‘बुद्धिमान रचना’ अशा दोन्ही बाजू मांडाव्यात काय? — एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : विद्यार्थ्याचे अर्धे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आणि ते त्याला तसे सांगावे : ती चोच योगायोगाने झालेली नाही. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांमध्ये शैवाल व सूक्ष्म जीव अडकवतो. तिवराची श्वसनमुळे प्राणवायू नसलेल्या चिखलातून सरळ वर येतात आणि त्याची पाने जास्तीचे मीठ बाहेर टाकतात. इतक्या गोष्टी एकमेकींना पूरक अशा एका झटक्यात जुळून येणे खरोखरच अशक्यप्राय आहे. परंतु उत्क्रांतीचा सिद्धान्त तसे म्हणतच नाही. पिढीगणिक होणारे लहान फेरफार हे हेतूविना होतात. त्यांतले कोणते टिकायचे, हे मात्र त्या चिखलात आणि त्या पाण्यात कोण तगले व कोणाची संतती वाढली यावर ठरते. ही निवड आंधळी असली तरी स्वैर नाही. डार्विन यांनी केंब्रिजमध्ये असताना पेली यांचे ग्रंथ अभ्यासले होते आणि त्यांच्या मांडणीचे त्यांना कौतुकही होते. पेली यांनी दाखवलेली अनुरूपता त्यांनी नाकारली नाही. रचनाकाराविना ती कशी निर्माण होऊ शकते, हे १८५९ मध्ये दाखवले.

मुलांना पटवायचे असेल तर सुबक उदाहरणांपेक्षा ओबडधोबड उदाहरणे अधिक उपयोगी पडतात, असा माझा समज आहे. आपल्या डोळ्यात प्रकाशग्राही पेशींच्या पुढून चेतातंतू जातात आणि ते एकत्र होऊन पडद्याला भोक पाडून बाहेर पडतात, म्हणून प्रत्येक डोळ्यात एक अंधबिंदू असतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या बाजूने जातात आणि त्याला अंधबिंदू नाही. स्वरयंत्राकडे जाणारी एक चेता छातीत उतरून, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते. जिराफाच्या मानेत हा फेरा कित्येक मीटरांचा होतो. माशासारख्या पूर्वजांत हा मार्ग सरळ होता. मान लांबत गेली तसा तो ताणला गेला. नव्याने आखणी करणाऱ्याने अशी वाट काढली नसती, पण आधीच्याच शरीरात थोडे थोडे बदल करीत जाणाऱ्या प्रक्रियेला दुसरी वाट मिळत नाही.

खाडीवर उभ्या असलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवता येईल. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. या पक्ष्यांना येथे मुबलक मिळणारे शैवाल आपल्या वस्त्यांच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर पोसले जाते, असे अभ्यासक सांगतात. ही मेजवानी कोणीही पक्ष्यांसाठी मांडलेली नव्हती.

आता दोन्ही बाजू मांडण्याविषयी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथे शाळा मंडळाने असाच आग्रह धरला आणि प्रकरण न्यायालयात गेले. जिवाणूंना पोहण्यासाठी असलेली शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की तिचा एकही भाग काढता येणार नाही, म्हणून ती टप्प्याटप्प्याने बनू शकत नाही, असा दावा तेथे तज्ज्ञांच्या साक्षीत झाला. त्याच शेपटीच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांसारखीच प्रथिने इतर जिवाणूंत विषारी द्रव्ये टोचण्याचे वेगळे काम करतात, हे उत्तरादाखल दाखवण्यात आले. ‘बुद्धिमान रचना’ हा वैज्ञानिक सिद्धान्त नाही, असा निर्णय न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिला. मलाही तो योग्य वाटतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला हा वाद जरूर शिकवावा. जीवशास्त्राच्या तासाला त्यावर वेळ घालवू नये.

प्रश्न : ठाण्यातील एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीवसृष्टीचे उत्तर उत्क्रांतीने दिले हे मान्य. पण उत्क्रांतीला कार्बन लागतो, तारे लागतात, दीर्घकाळ टिकणारे अणू लागतात, आणि हे सारे ज्या स्थिरांकांवर अवलंबून आहे त्यांची निवड तर नैसर्गिक निवडीने झालेली नाही. यावर ‘अगणित विश्वे आहेत’ असे उत्तर देणे हे ईश्वर मानण्याइतकेच श्रद्धेचे नाही काय? — एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : या महिन्यात आलेल्या पत्रांतील सर्वांत अवघड प्रश्न तुमचा आहे, आणि दुसऱ्या वक्त्यांनी तो हसण्यावारी नेला हे मला रुचले नाही.

तुमच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी पुरते मांडू. ताऱ्यांच्या गाभ्यात दोन हेलियम केंद्रके एकत्र आली की बेरिलियम-८ तयार होते, आणि ते जवळजवळ तत्क्षणी फुटते. ते फुटण्यापूर्वी तिसरे हेलियम येऊन मिळावे आणि कार्बन बनावा, याची शक्यता इतकी अल्प की विश्वात आज दिसतो तेवढा कार्बन असायलाच नको होता. फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये उलटा विचार केला : कार्बन आहे, त्याअर्थी कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ एक उत्तेजित ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातील प्रयोगकर्त्यांनी, काहीशा अविश्वासानेच, शोध घेतला आणि ती पातळी सापडली. हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. विश्वाला आरंभ मानणे हे निर्मितीच्या धार्मिक कल्पनेच्या फार जवळ जाते, अशीही एक भावना, विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला या सिद्धान्ताला त्यांनी केलेल्या विरोधामागे होती. तेच हॉइल पुढे १९८० च्या सुमारास असे लिहू लागले की, कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातल्यासारखे वाटते. त्यांच्यासारखा हट्टी माणूस असे म्हणतो तेव्हा ते कान देऊन ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक साधे आहे. न्यूट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्यांनी अधिक आहे. हा फरक उलट दिशेने असता, तर सुटा प्रोटॉनच न्यूट्रॉनमध्ये रूपांतरित झाला असता, हायड्रोजन टिकला नसता, आणि हायड्रोजनवाचून पाणीही नाही. तिसरे उदाहरण निर्वात अवकाशाच्या ऊर्जेचे. सरळसोट सैद्धान्तिक अंदाज आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांत सुमारे १२० दशमस्थानांचे अंतर पडते. ही ऊर्जा बरीच मोठी असती तर वायू एकत्र येऊन दीर्घिका बनण्यापूर्वीच विश्व पांगून गेले असते.

आता उलट बाजू. कार्बनचे उदाहरण वाटते तितके नाजूक नाही. मारिओ लिव्हिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ताऱ्यांची गणिते करून दाखवले की, ती ऊर्जापातळी ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टनी वर सरकवली तरी कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडत नाही. यापेक्षा मूलभूत अडचण ‘शक्यता’ या कल्पनेतच आहे. स्थिरांकाचे आहे ते मूल्य फार दुर्मीळ, असे म्हणायचे झाले तर त्याला कोणकोणती मूल्ये घेता आली असती आणि त्यांतील प्रत्येकाची शक्यता किती, हे ठाऊक असले पाहिजे. ते कोणालाही ठाऊक नाही. व्याख्यानात पडद्यावर दाखवलेले ते कोट्यवधी शून्यांचे आकडे छाप पाडणारे होते खरे. परंतु ज्या छेदावर, म्हणजे एकूण शक्य मूल्यांच्या ज्या आकड्यावर, ते उभे होते, तो छेद वक्त्यांनी स्वतःच ठरवलेला होता.

ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त क्राकूव्ह येथे भरलेल्या परिषदेत, असा मुद्दा मांडला की, निरीक्षक ज्या विश्वात असू शकतात तसेच विश्व निरीक्षकांना दिसणार, आणि निष्कर्ष काढताना हे विसरता कामा नये. यावर जॉन लेस्ली या तत्त्वज्ञांचे प्रत्युत्तर प्रसिद्ध आहे : बंदूकधाऱ्यांच्या अख्ख्या तुकडीने नेम धरून गोळ्या झाडल्या आणि सर्वांचा नेम चुकून मी वाचलो, तर ‘वाचलो नसतो तर विचार करायला उरलोच नसतो’ एवढ्याने माझे आश्चर्य फिटत नाही. मला हे प्रत्युत्तर सबळ वाटते. ‘आपण आहोत म्हणून विश्व असे आहे’ एवढे म्हणून जे थांबतात, ते प्रश्न सोडवीत नाहीत, बाजूला सारतात. परंतु बंदूकधारी चुकले तर आश्चर्य वाटते ते बंदूकधारी सहसा काय करतात हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. विश्वे सहसा कशी असतात, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि तेथे आपण पुन्हा छेदाच्या अडचणीवर येतो.

बहुविश्वांविषयी तुमची शंका मी निम्मी मान्य करतो. इतर विश्वे पाहिलेली नाहीत आणि कदाचित कधीच दिसणार नाहीत. ती आहेतच असे गृहीत धरून बोलणे हा उतावीळपणा आहे. तथापि ही कल्पना केवळ ईश्वराला टाळण्यासाठी निघालेली नाही. आरंभीच्या वेगवान प्रसरणाचे जे सिद्धान्त विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या निरीक्षणांचा उलगडा करण्यासाठी वापरले जातात, त्यांपैकी अनेकांतून ती आपोआप निघते. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये याच पद्धतीने विचार करून निर्वात ऊर्जेवर एक मर्यादा घातली. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे आढळले, तेव्हा मिळालेले मूल्य त्या मर्यादेच्या आतच निघाले. याला पुरावा म्हणावे काय? मी म्हणणार नाही. पण एका अंकाविषयी आधी काही सांगून ठेवण्याची जोखीम तरी त्यांनी पत्करली. रचनाकाराच्या पक्षाकडून तशी जोखीम घेतली गेल्याचे दिसत नाही.

आणि समजा, स्थिरांक कोणी जुळवलेच असतील, तरी ते आपल्यासाठी जुळवले हे कोठून आले? विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचे आहे, आणि आपली जात त्यांतील शेवटच्या सुमारे तीन लाख वर्षांतली. ज्या स्थिरांकांनी कार्बन दिला, त्यांनीच कृष्णविवरे दिली आणि जवळजवळ सर्वत्र गोठवणारे, रिकामे अवकाश दिले.

प्रश्न : हा सगळा वाद पाश्चात्त्य, ख्रिस्ती चौकटीतला आहे. आपल्या परंपरेत सृष्टी ही लीला मानली आहे. मग ‘प्रयोजन’ शोधण्याच्या या खटाटोपात आपण का पडावे? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हा वाद पाश्चात्त्य नाही, हे वर आलेल्या उदयन आणि धर्मकीर्ती यांच्या नावांवरूनच दिसून यावे. उलट मला असे वाटते की, रचना आणि प्रयोजन हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे काम आपल्याकडे जितक्या काटेकोरपणे झाले, तितके युरोपात फार उशिरापर्यंत झाले नाही.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातच पाहा. ‘रचनानुपपत्तेश्च नानुमानम्’ या सूत्राने सांख्यांच्या जड प्रधानाला, म्हणजे अचेतन मूळ प्रकृतीला, जगाचे कारण मानण्यास विरोध केला आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की, घरे, प्रासाद, शय्या, आसने, विहारभूमी ही बुद्धिमान शिल्पींकडूनच रचली जातात. माती-दगडांना ते साधलेले दिसत नाही. खारघरच्या अभियंत्यांना हे वाचून आनंद होईल. परंतु याच ग्रंथात, त्याच्या थोडे आधी, ‘न प्रयोजनवत्त्वात्’ असा पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, येतो : कोणीही प्रयोजनावाचून प्रवृत्त होत नाही, आणि पूर्णकाम ईश्वराला प्रयोजन असणार कोणते? याचेच उत्तर ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’. ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत असा राजा जसा नुसता खेळतो, किंवा श्वासोच्छ्वास जसा बाह्य हेतूविना स्वभावतः चालतो, तशी ही प्रवृत्ती आहे, असे शंकराचार्य समजावतात. म्हणजे येथे रचनाकार आहे आणि प्रयोजन नाही.

सांख्यांची भूमिका नेमकी उलट आहे. ‘सांख्यकारिका’ लिहिणाऱ्या ईश्वरकृष्णाच्या सत्तावन्नाव्या कारिकेत म्हटले आहे की, वासराच्या वाढीसाठी अजाण दूध जसे पान्हवते, तशी पुरुषाच्या (म्हणजे आत्म्याच्या) मोक्षासाठी प्रकृती प्रवृत्त होते. येथे प्रयोजन आहे आणि रचनाकार नाही. नैयायिकांना दोन्ही हवे होते, चार्वाकांना दोन्ही नको होते. चार घरांची अशी ही मांडणी आज इंग्रजीत चालणाऱ्या वादांतही क्वचितच इतकी स्पष्ट सापडते.

‘लीला’ म्हटल्याने प्रश्न सुटतो असे मात्र समजू नये. मीमांसक कुमारिल भट्ट यांनी सातव्या शतकात विचारलेला प्रश्न बोचरा आहे : ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, मूर्खसुद्धा हेतूवाचून काही करीत नाही. आणि खेळ म्हणावा, तर ज्या खेळात एवढे जीव दुःख भोगतात तो कसला खेळ? ब्रह्मसूत्रांनाही हा आक्षेप जाणवला होता. पुढच्याच सूत्रात विषमता आणि निर्दयता यांचा दोष कर्मसापेक्षतेने, म्हणजे ज्याला त्याला त्याच्या कर्मानुसार फळ मिळते असे म्हणून, टाळलेला आहे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याला ते उत्तर पुरते, न मानणाऱ्याला पुरत नाही.

रामानुजाचार्यांचा निर्वाळा तर मला या संपूर्ण वादातील सर्वांत प्रामाणिक वाटतो. ईश्वराविषयी त्यांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. तरीही ब्रह्मसूत्रांवरील आपल्या श्रीभाष्याच्या प्रारंभीच्या भागात त्यांनी नैयायिकांच्या अनुमानाचे सविस्तर खंडन केले आहे. सारे जग एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने केले, हे अनुमानाने ठरत नाही, आणि ईश्वर हा शास्त्रानेच कळणारा आहे, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा असणे वेगळे आणि ती जगाच्या रचनेवरून सिद्ध होते असे म्हणणे वेगळे, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

प्रश्न : विज्ञानाने ईश्वर नाही हे सिद्ध केले आहे काय? हो किंवा नाही, एवढेच सांगावे. — एक वाचक, कळवा

उत्तर : नाही.

प्रश्न : तुमच्यासारख्यांचे मन आधीच बनलेले असते. विश्वामागे योजना आहे हे मानायला तुम्हाला नेमका कोणता पुरावा पुरेल, ते एकदा सांगून टाका. — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आव्हान रास्त आहे. ‘योजना’ ही कल्पना विज्ञानाला मुळातच वर्ज्य आहे, असे मी मानत नाही. उत्खननात सापडलेला दगड हत्यार म्हणून घडवलेला आहे की प्रवाहात झिजलेला, हे पुरातत्त्वज्ञ नित्य ठरवीत असतात. आकाशाच्या बाबतीतही एकदा हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला आहे. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातील एका जागेवरून दर १.३३७ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद आढळले. त्यांची नियमितता इतकी विलक्षण होती की, त्या स्रोताला काहीशा थट्टेने ‘हिरवी माणसे’ या अर्थाचे टोपणनाव मिळाले. महत्त्वाचे आहे ते पुढे काय झाले ते. हे स्पंद कोणी पाठवीत असेल तर तो एखाद्या ग्रहावर असणार. ग्रह ताऱ्याभोवती फिरणार. आणि त्या फिरण्यामुळे स्पंदांमधील अंतर ठरावीक रीतीने कमी-जास्त होणार, असा विचार त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांनी केला आणि मोजमाप घेतले. पृथ्वीच्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा केल्यावर तसा काहीही फेरफार उरला नाही. डिसेंबरअखेर आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा स्रोत बेल यांना सापडला, आणि दोन ठिकाणच्या हिरव्या माणसांनी एकाच वेळी आपल्यालाच हाका मारणे संभवनीय नव्हते. पुढे हे स्रोत वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे असल्याचे ठरले. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण आज असे तारे नित्य न्याहाळते.

तेथे योजनेचे अनुमान चुकीचे ठरले. परंतु ते तपासता आले, कारण कर्ता कसा असेल आणि तो असल्यास काय दिसेल, याविषयी काहीतरी निश्चित म्हटलेले होते. विश्वाच्या रचनाकाराविषयी मला एवढेच हवे आहे. तो असेल तर अमुक मोजमापात अमुक आढळेल आणि नसेल तर आढळणार नाही, असे कोणी मोजमापापूर्वी लिहून ठेवावे, आणि नंतर ते तसे आढळावे. मी माझे मत बदलेन. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला मागाहून ‘त्याची इच्छा’ म्हणणे मात्र यात धरता येणार नाही, कारण त्या पद्धतीने उलट निकालही तितकाच सहज खपला असता. असे आगाऊ केलेले एकही भाकीत माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या किंवा आपल्या मित्रमंडळींच्या वाचनात आले असल्यास ते मूळ मजकुरासह सदराकडे पाठवावे; पुढील अंकात ते पूर्ण छापू.